आमच्या हॉलचे घोडे

मी गल्लीचा सेक्रेटरी झालो तो केवळ ऐन वेळी बाथरूमला गेलो म्हणून. परत येतो तर हॉलात टाळ्या चालू. कुणाचा तरी सत्कार असेल असं समजून मीही वाजवल्या. शेजारचे पाक गुनादी उठून माझा हात हातात घेत म्हणाले, "अभिनंदन, पाक प्रासोजो. वह्या उद्या घरी पोचवतो."

हे पाक गुनादी आधीचे सेक्रेटरी. आमच्याकडे मोठ्या माणसाच्या नावाआधी आदरानं 'पाक' लावतात, बाईच्या नावाआधी 'बू'. टपाल खात्यातून निवृत्त झालेले आणि अक्षर असं की सभेचं इतिवृत्त फ्रेम करून लावावं. सेमारांग शहरातल्या आमच्या मेलाती गल्लीत लोक ठराव विसरत, पण त्यांचा 'ठ' विसरत नसत. माझं उलट. मी विमा कंपनीच्या दावे विभागात आयुष्य काढलं, तिथं मला एकच शब्द लिहावा लागे, तो म्हणजे 'नामंजूर'. तेवढा मी अजूनही सुरेख लिहितो.

एरवी आमच्या सभेच्या इतिवृत्ताकडे कुत्रं बघत नाही. यंदा मात्र प्रकरण वेगळं होतं. हॉलचं छप्पर तोलणाऱ्या लाकडी कैच्यांना वाळवी लागली होती, आणि त्याच हॉलात माझ्या मुलीचं, किनांतीचं लग्न व्हायचं होतं.

"दुसरा हॉल बघू या का?" असं मी एकदा हळूच सुचवून पाहिलं.

"बापाक, मी याच हॉलात नाच शिकले," किनांती म्हणाली. "याच हॉलात पडून दात पाडून घेतला. लग्न इथंच."

तारीखही हलवता येत नव्हती. नवऱ्यामुलाचे आजोबा सालातिगाला असतात. त्यांनी दोघांचे जन्मवार आणि बाजारवार, म्हणजे आमच्या जुन्या पाच दिवसांच्या आठवड्यातले वार, यांची बेरीज-वजाबाकी करून एक दिवस काढला होता. तो चुकला तर पुढचा चांगला दिवस थेट दीड वर्षानं. हॉलची जमीन वॉर्ड ऑफिसची, त्यामुळे त्यांच्या पत्राशिवाय एक खिळा ठोकता येत नाही. पत्र मिळायला सभेचा ठराव लागतो, आणि ठराव म्हणजे इतिवृत्त. थोडक्यात, माझ्या मुलीचं लग्न माझ्या अक्षरावर येऊन ठेपलं होतं.

बरं, इतिवृत्त लिहायचं कुणाच्या बोलण्यावरून, तर पाक तार्मुजींच्या. हे आमचे अध्यक्ष. जन्मभर प्राथमिक शाळेत हेडमास्तर होते, त्यामुळे प्रत्येक गोष्ट तीनदा सांगायची सवय. "तर, तर, तर छप्पर. छप्पर. छपराचं, छपराचं, छपराचं बघायला पाहिजे." माणूस सोन्यासारखा, पण लिहिणाऱ्याचा हात मोडतो.

अशात मला तो व्हिडिओ दिसला. एक हसतमुख गृहस्थ सांगत होता की सभा रेकॉर्ड करा, बाकी सगळं आपोआप होईल. एक ओळही प्रोग्राम लिहायचा नाही. पडद्यावर खोकी मांडायची आणि बाणांनी जोडायची. पहिल्या खोक्यात फोनमधलं रेकॉर्डिंग पडतं. दुसरं खोकं ते ऐकून टाइप करतं. तिसरं ते तारीख-बिरीख घालून ऑनलाइन डॉक्युमेंटमध्ये ओततं. चौथं त्या डॉक्युमेंटची लिंक गल्लीच्या ग्रुपवर टाकतं आणि एक प्रत वॉर्ड ऑफिसला मेल करतं. मध्ये माणूस कुठंच नाही. मला ही कल्पना अतोनात आवडली, कारण मधला माणूस मीच होतो.

"आणि चूक झाली तर?" बायकोनं विचारलं. ती टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळत होती.

"चुका माणसं करतात," मी म्हणालो.

"मग ही खोकी कोण मांडतंय?"

अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं हे मी संसारात शिकलोय.

खोकी मांडून झाली. चाचणी म्हणून फोन व्हरांड्यात ठेवला आणि घसा साफ करून बोलणार, इतक्यात भोंगा लावलेली टोफूवाल्याची गाडी गल्लीत शिरली. मी फोन उचलून आत जाऊन खिडकी लावेपर्यंत सगळी खोकी आपापलं काम करून मोकळी झाली होती. ग्रुपवर लिंक आली. आत ठळक अक्षरात लिहिलेलं: 'मेलाती गल्ली समिती. इतिवृत्त. गोल टोफू, आत्ताच तळलेला, गरमागरम, या या या.' खाली, कोपऱ्यावर लुंपियाची, म्हणजे तळलेल्या रोलची, गाडी लावणाऱ्या बू सुर्तींचा लगेच मेसेज आला: 'अनुमोदन. दोन प्लेट.' नशीब, वॉर्ड ऑफिसचा बाण मी अजून जोडला नव्हता.

पाक गुनादी कुंपणावरून सगळं बघत होते. "फोन उघडा ठेवू नका," ते म्हणाले. "पत्र्याच्या डब्यात ठेवा. आवाज घुमतो, स्पष्ट येतो. टपाल खात्यात आम्ही असंच करायचो."

टपाल खात्यात कुणाचा आवाज कशाला घुमवायचे हे मी विचारलं नाही. बिस्किटांचा डबा आणला. त्यात अर्थातच तांदळाच्या कुरडया निघाल्या, कारण आमच्याकडे बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं सोडून सगळं असतं. त्या बायकोच्या नकळत उशीच्या अभ्र्यात ओतल्या. रेकॉर्डिंग केलं ते विहिरीत पडलेल्या माणसासारखं आलं, आणि त्या रात्री झोपताना कुरडयांचा चुरा झाला तो वेगळाच. त्याबद्दल मी काय काय ऐकलं ते सुदैवानं रेकॉर्ड झालं नाही.

मग पाक तार्मुजींना बोलावून पाच मिनिटं बोलायला लावलं. यंत्रानं इमानदारीनं सगळं उतरवलं. 'तर तर तर छप्पर छप्पर.' पानभर तेच. पाक तार्मुजींनी ते चष्मा लावून वाचलं.

"मी असा बोलतो?" त्यांनी विचारलं. एकदाच. त्यांना काहीही एकदाच बोलताना मी प्रथमच ऐकलं, आणि मला फार वाईट वाटलं.

म्हणून मी यंत्राच्या पोटात शिरून शोधाशोध केली. तिथं एक बटण सापडलं. त्यावर लिहिलं होतं: 'अडखळणे व लागोपाठ पुन्हा आलेले तेच शब्द गाळा.' बटण दाबलं. तेच भाषण पुन्हा घातलं तर लख्ख परिच्छेद बाहेर आला. पाक तार्मुजी खुर्चीत ताठ झाले. "हे छापून द्या, छापून द्या, छापून द्या," ते म्हणाले. "हिला दाखवतो."

तर असा हा परोपकार. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

छपराची सभा दणक्यात पार पडली. ठराव एकमतानं मंजूर. मी घरी पोचायच्या आत इतिवृत्त ग्रुपवर आणि वॉर्ड ऑफिसात पोचलंसुद्धा होतं. मी ते वाचलं नाही. यंत्रावर विश्वास टाकल्यावर पुन्हा तपासत बसणं मला हलकटपणाचं वाटलं. शांत झोपलो.

सकाळी फाटकावर हातोडीचा आवाज. बाहेर बू सुर्ती उभ्या.

"पाक प्रासोजो, माझा नवरा कुठाय?"

त्यांचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मी खांदा दिला होता. मी घाबरून म्हणालो, "बू, बसा जरा. पाणी आणू?"

"पाणी नको, नवरा द्या. तुमच्या कागदात ठराव आहे. रविवारी सकाळी प्रत्येक घरानं एक नवरा हातोडीसकट हॉलवर पाठवावा. हातोडी आहे माझ्याकडे. उरलेलं समितीनं पुरवावं."

"अहो, असं कसं लिहीन मी!"

"मग वाचा की. आणि देणार असाल तर जरा बरा बघून द्या, दम्याचा नको."

मी फोन उघडला. ग्रुपवर सकाळपासून जत्रा भरली होती. पाक गुनादींच्या सौभाग्यवतींनी लिहिलं होतं: 'आमचा घेऊन जा. परत पाठवायची घाई नाही.' मी इतिवृत्त वाचलं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

आता हे नीट सांगायला हवं. आमच्या भाषेत कितीतरी शब्द जोडीनंच चालतात, आणि जोडी फोडली की अर्थ पार बदलतो. कुडा म्हणजे घोडा, पण कुडा-कुडा म्हणजे छपराची कैची. लांगित म्हणजे आभाळ, लांगित-लांगित म्हणजे घराचं सीलिंग. लाकी-लाकी म्हणजे पुरुषमाणूस, आणि नुसतं लाकी म्हणजे नवरा, तोही बाजारात भांडताना म्हणतात तसला. ज्या कुणी ते बटण बनवलं त्याच्या देशात माणसं शब्द एकेकदाच बोलत असणार. यंत्रानं प्रत्येक जोडीतला एक शब्द अडखळणं समजून गाळून टाकला होता. वॉर्ड ऑफिसला गेलेला ठराव असा होता:

'हॉलचे चारही घोडे वाळवीने आतून पोखरले आहेत. ते पडल्यास आभाळ खाली येईल. तरी जुने घोडे उतरवून नवे बसवण्यास व आभाळ नव्याने ठोकण्यास परवानगी मिळावी. प्रत्येक घराने एक नवरा पाठवावा. शिडीपाशी काळीज.'

हे शेवटचं काय, तर सभेत कुणीतरी म्हणालं होतं, शिडीपाशी हाती-हाती, म्हणजे जपून. एकटं हाती म्हणजे काळीज. "शिडीपाशी काळीज," बू सुर्ती मोठ्यानं वाचत म्हणाल्या, "हे मात्र छान लिहिलंय हो."

पाक गुनादी कुंपणावर आलेच. नुसतं खिशातलं पेन काढून त्याचं टोपण घातलं आणि काढलं. सभ्य माणूस इतका दुष्ट असू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

धावतपळत वॉर्ड ऑफिस गाठलं. खिडकीत बू हार्दिनी नावाच्या बाई होत्या. आवाज अतिशय गोड. आमच्याकडे आवाज जितका गोड तितकं काम अवघड.

"तो अर्ज मागे घ्यायचाय," मी म्हणालो.

"पाक, त्याला नंबर पडलाय."

"पण त्यात घोडे नाहीतच!"

"लिहिलंय की. चार." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "घोडे म्हटल्यावर इमारत विभागात कसा ठेवणार? पशुसंवर्धनला पाठवला. तिथले डॉक्टर पाहणीला येतील."

"अहो, कैच्या आहेत त्या. छपराच्या."

"मग डॉक्टर तसं लिहितील. घोडे नाहीत असं आलं की अर्ज खोटा ठरून बंद होईल."

"आणि मग मी नवा करीन."

"खोटा ठरलेल्या विषयावर पुढच्या वर्षीच करता येतो, पाक." आणि मग फारच गोड आवाजात, "घोडे असते तर सोपं होतं."

घरी आलो तेव्हा किनांती आमंत्रणपत्रिकांवर नावं घालत बसली होती. तिला सगळं कळलं होतंच, ग्रुपवर तीही आहे. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "जाऊ दे बापाक. नाहीतर आभाळाखाली करू लग्न. ठोकून घेऊ नव्यानं." आणि हसली. पण हसून झाल्यावर तिनं हातातली पत्रिका बाजूला ठेवली आणि पुढची घेतली नाही. ते मी पाहिलं. दावे विभागात हजारो लोकांना नामंजूर लिहिताना मला कधी काही झालं नाही, त्या दिवशी जेवण ताटात तसंच ठेवून उठलो.

डॉक्टर विबिसोनो मोटारसायकलवरून आले. बारीकसे, घामाघूम, हातात बॅग, बॅगेत मोठ्ठं थर्मामीटर. अख्खी गल्ली जमली. पाक तार्मुजी पुढे होऊन स्वागताचं बोलले, तीनदा.

"घोडे कुठायत?" डॉक्टरांनी विचारलं.

सगळे एकमेकांना पुढे ढकलू लागले. शेवटी बू सुर्तींनी त्यांच्या हातात आल्याच्या गरम काढ्याचा पेला आणि बशीत लुंपिया दिली, त्यांचा हात धरून हॉलात नेलं आणि बोट वर केलं. सीलिंगची एक फळी आधीच निखळली होती. त्यातून कैची दिसत होती. वाळवीमुळे तिचा चाळणीसारखा नक्षीकाम केलेला सांगाडा उरला होता.

डॉक्टर बराच वेळ मान वर करून खात राहिले.

"हे घोडे?" ते म्हणाले.

"साहेब, एक शब्द पडलाय मधला," मी म्हणालो. आणि मग माझा तोल गेला. यंत्र, बटण, आजोबांची बेरीज, पत्रिका, सगळं भडाभडा सांगून टाकलं. "खोटं लिहा असं म्हणत नाही मी. पण घोडे नाहीत असं लिहिलंत तर माझ्या पोरीचं लग्न गेलं दीड वर्ष पुढं."

"मी खोटं लिहीत नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी बशी खाली ठेवली, हात पुसले, कागद काढला. "माझ्या कागदावर 'प्राणी' असा रकाना नाही. 'बाब' असा आहे." आणि मोठ्यानं म्हणत लिहू लागले. "बाब: अर्जात नमूद केल्याप्रमाणे. संख्या: चार. वय किती असेल?"

"हॉल बांधला तेव्हापासूनचे आहेत, आहेत," पाक तार्मुजी म्हणाले.

"वयोवृद्ध. प्रकृती: कीटकांनी आतून पोखरलेली. पाय?" ते एका खांबाजवळ गेले आणि कैचीच्या टेकूला बोटानं टोचलं. बोट आत गेलं. "पाय निकामी. उभे राहणे धोक्याचे. उपचार शक्य नाहीत. तातडीने बदलावेत." सही केली, शिक्का मारला. "यात काही खोटं आहे?"

"नाही नाही नाही," अख्खी गल्ली पाक तार्मुजींसारखी बोलली.

आजारी जनावरांची कामं इमारतींपेक्षा लवकर होतात हे मला माहीत नव्हतं. परवानगीचं पत्र लग्नाच्या अगदी तोंडावर, पण आलं. चार घोडे बदलण्यास मंजुरी. अट एकच: जुन्या घोड्यांची विल्हेवाट वस्तीत दुर्गंधी न पसरता लावावी.

त्यानंतरच्या रविवारी प्रत्येक घरातून एकेक नवरा आला. बू सुर्ती हातोडी घेऊन स्वतःच आल्या. "समितीनं काही पुरवला नाही," म्हणाल्या, "म्हणून मीच माझा नवरा." पाक गुनादी शिडी धरून उभे राहिले आणि मी वर चढताना प्रत्येक पायरीला "काळीज, काळीज" म्हणत होते. नव्या कैच्या चढल्या, सीलिंग ठोकलं गेलं. जुन्या घोड्यांवर लग्नाचा भात शिजवला. वाळवीचं लाकूड झकास जळतं, आणि दुर्गंधीचं म्हणाल तर सगळ्या गल्लीला जायफळाचा वास येत होता.

ते बटण मी अर्थातच बंद करून टाकलं होतं. पण दोनच दिवसांत पाक तार्मुजी दारात. चप्पल काढली, घातली, पुन्हा काढली.

"पाक, ते बटण, ते... हिनं विचारलं, परत सगळं तीनतीनदा का येतंय."

मी बटण चालू केलं. तेव्हापासून सभा झाली की यंत्राचं लिखाण समोर घेतो आणि गळालेले जोडीदार एकेक करून जागेवर आणून बसवतो. हातानं लिहायला लागला असता तेवढाच वेळ लागतो. बायकोला हे माहीत आहे, पण ती बोलत नाही. कुरडयांचं मात्र बोलते.

लग्न उत्तम झालं. पाक तार्मुजी आशीर्वादपर बोलणार होते. त्यांना भाषण लख्ख छापून हवं होतं, म्हणून मी रेकॉर्डिंग चालू करून फोन बाटिकच्या सदऱ्याच्या खिशात टाकला आणि विसरलो. पाहुणे, पंगती, फोटो. किनांती रीतीप्रमाणे आमच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून माफी मागायला बसली तेव्हा मी रडलो नाही, कारण सगळे बघत होते. मग ती सासरी, सालातिगाला निघाली. गाडीपाशी बोलायला मी चार वाक्यं तयार ठेवली होती. खिडकीपाशी गेलो आणि म्हणालो, "टायरमध्ये हवा बघितली का?"

ती काहीतरी म्हणाली. मागची गाडी भोंगा वाजवत होती, मला नीट ऐकू आलं नाही. मी मान डोलावली. गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी घरात भांडी तेवढी उरली होती. फोन उघडला तर खोक्यांनी रात्रीच आपलं काम केलेलं. 'मेलाती गल्ली समिती. इतिवृत्त.' ग्रुपवर गेलं होतं, वॉर्ड ऑफिसलाही गेलं होतं. मी डोक्याला हात लावला आणि सवयीप्रमाणे दुरुस्तीला बसलो. पाक तार्मुजींचं भाषण निर्मळ. मग 'भात संपला का'. मग 'तुमची बहीण अजून हललेली नाही', हे बायको. मग टायर. आणि त्याखाली शेवटची ओळ:

'बापाक. काळीज.'

जपून राहा म्हणाली होती. हाती-हाती. यंत्रानं एक गाळला होता. मला एवढंच करायचं होतं की कर्सर तिथं न्यायचा आणि गेलेला शब्द परत घालायचा. कर्सर नेलाही. बायको मागे येऊन उभी राहिली. तिनं वाचलं, ओढणीनं स्क्रीन पुसली, खरं तर स्क्रीन स्वच्छ होती. "राहू दे," ती म्हणाली.

पुढच्या सभेत नियमाप्रमाणे मागचं इतिवृत्त मंजुरीला आलं. "कुणाची दुरुस्ती, दुरुस्ती आहे का?" पाक तार्मुजींनी विचारलं. पाक गुनादींनी हात वर केला. चूक त्यांना दिसणारच, जन्म गेला त्यात. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि हात खाली घेतला. "काही नाही," ते म्हणाले. "अक्षर छान आहे."

"मग आहे तसंच," बू सुर्ती म्हणाल्या. "अनुमोदन."